सांधण ते कोकणकडा : पाठीवर घर, पायाखाली कातळ

एंडसेम संपत आली की हॉस्टेलमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "दादा, सांधणला जायचंय, काय काय लागतं?" विचारणारा बहुतेक वेळा फर्स्ट इयरचा असतो आणि त्याने कुणाच्या तरी मोबाईलवर दोन कातळभिंतींच्या मधून चाललेल्या पोरांचा फोटो पाहिलेला असतो. यंदा तर चौघेजण भोसरीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली पिवळी दोरी खांद्यावर टाकूनच माझ्या रूमवर आले. दोरीबद्दल पुढे सविस्तर सांगतो, पण त्या चौघांना जे सांगितलं तेच सगळ्यांसाठी लिहून ठेवावं म्हणून हा लेख. मी मेकॅनिकलचा, सह्याद्रीत गेली तीन वर्षं भटकतोय, आणि सांधणपासून हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यापर्यंतची वाट आम्ही सात जणांनी डिसेंबरमध्ये पाच दिवसांत केली. पाठीवर सॅक, सॅकमध्ये घर!

आधी भूगोल. अहिल्यानगर जिल्ह्याचा (२०२४ पर्यंतचं अहमदनगर) अकोले तालुका म्हणजे महाराष्ट्राचं छप्पर. १६४६ मीटरचं कळसूबाई, १२९७ मीटरचा रतनगड, १४२४ मीटरचा हरिश्चंद्रगड, सगळे इथेच. हा सगळा भाग १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. पूर्वेला उतरतं पठार, आणि पश्चिमेला एकदम तुटलेला कडा, त्याखाली कोकण. ह्या कड्याला जिथे जिथे चीर गेली आहे तिथे तिथे पाण्याने घळी खोदल्या आहेत. त्यांना आपण नाळ म्हणतो, घळ म्हणतो. साम्रद गावाशेजारची सांधण ही त्यातली सगळ्यात विलक्षण. लांबी दीड-दोन किलोमीटर, दोन्ही बाजूंना दोन-तीनशे फूट उंच सरळ भिंती, आणि रुंदी काही ठिकाणी इतकी कमी की दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. "आशियातली दुसऱ्या क्रमांकाची दरी" असं तिच्याबद्दल सगळीकडे छापलेलं असतं. कुणी मोजलं, कशाने मोजलं, पहिली कोणती, हे मात्र कुठेच नसतं! असो. तिला क्रमांकाची गरज नाही.

दगड समजून घेतला की वाट निम्मी समजते, म्हणून थोडं भूगर्भशास्त्र. (सिव्हिलवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, त्यांना ह्याचे मार्क मिळून गेलेत.) साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि दख्खनचं पठार तयार झालं. हे थर एकसारखे नाहीत. काही घट्ट, काळा, टणक बसाल्ट, तर काही वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिलेला सच्छिद्र दगड. दोन थरांच्या मधे कधीकधी विटकरी रंगाचा तांबडा पट्टा दिसतो. पाऊस आणि वारा मऊ थर लवकर खातात, टणक थर उभाच राहतो. म्हणून सह्याद्री जिन्यासारखा दिसतो : उभा कडा, मग झाडीचा आडवा पदर, मग पुन्हा कडा. ट्रेकमध्ये पदरात चालणं म्हणजे विश्रांती आणि कड्यावरून उतरणं म्हणजे परीक्षा. हे थर थंड होताना त्यांना उभ्या भेगाही पडल्या. अशाच एखाद्या भेगेत पाणी शिरलं आणि लाखो पावसाळे ती खरवडत राहिलं की सांधण होते. सांध म्हणजे फट, त्यावरूनच नाव पडलं असणार हा माझा आपला अंदाज.

पाऊसही साधासुधा नाही. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पडला तरी लोक समाधान मानतात, आणि त्याच जिल्ह्याच्या ह्या टोकाला, घाटघर-रतनवाडीकडे, चार महिन्यांत त्याच्या कितीतरी पट कोसळतो. ह्याच पाण्यासाठी प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली बांधून झालं. आणि ह्याच कड्याचा उपयोग करून घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प २००८ साली सुरू झाला. वर एक धरण, खाली कोकणात दुसरं, मधे चारशे मीटरहून जास्त उंचीचा फरक, १२५ मेगावॉटचे दोन संच. मागणी असेल तेव्हा पाणी खाली सोडायचं, वीज शिल्लक असेल तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवायचं. मुद्दा असा की पाणी एका झटक्यात जेवढं खाली जातं, तेवढंच आपल्याला पायाने उतरायचं असतं आणि दुसऱ्या दिवशी पायानेच वर यायचं असतं. आपल्याकडे पंप नाही.

इथेच सांधण इतर ट्रेकपेक्षा वेगळी ठरते. नेहमीच्या किल्ल्यावर आपण आधी चढतो. दम लागला, पाय दुखले, तर तिथूनच मागे फिरायचं, उतार सोपा असतो. दरीमध्ये उलटा हिशोब. सकाळी ताजेतवाने असताना उतार मिळतो आणि थकल्यावर चढ. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये हीच भानगड आहे. काठावरून नदी जवळ जवळ दीड किलोमीटर खोल, लोक मजेत उतरतात आणि परत चढताना उन्हात बसतात. सांधण त्या मानाने लहान, पण तिच्यात आणखी एक गंमत आहे. सुरुवातीचा भाग चालत जाता येतो. लागोपाठ पाण्याचे दोन डोह लागतात, दुसऱ्यात डिसेंबरमध्ये कमरेपर्यंत पाणी होतं, आणि ते इतकं थंड की आमचा एक ईअँडटीसीवाला संपूर्ण डोहभर फक्त "आई आई" एवढंच म्हणत होता. मग घरांएवढ्या धोंड्यांवरून चढउतार. हौशी मंडळी इथपर्यंत येतात, फोटो काढतात आणि परत जातात. त्यात काही कमीपणा नाही, उलट पहिल्यांदा जाणाऱ्याने तेवढंच करावं. त्यापुढे पहिला मोठा टप्पा येतो, साधारण पंचेचाळीस फुटांचा सरळ कातळ. तिथे दोर लावून उतरायचं. शेवटचा माणूस उतरला आणि दोर खाली ओढून घेतला की परतीचा रस्ता संपला. आता फक्त पुढे. त्यामुळे "जमेल का" ह्या प्रश्नाचं उत्तर त्या कातळाच्या वर उभं राहून द्यायचं असतं, खाली पोचल्यावर नाही. आमच्या सोबतच्या साम्रदच्या मामांनी तिथे प्रत्येकाला वेगळं बाजूला घेऊन विचारलं, "उतरायचं का माघारी? लाजू नको." ग्रुपसमोर कुणी नाही म्हणत नाही, हे त्यांना बरोबर माहीत होतं.

आता ती पिवळी दोरी. बाजारात मिळणारी ती दोरी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. ट्रकवर ताडपत्री बांधायला उत्तम. पण हे प्लॅस्टिक साधारण १६० अंशाला वितळतं, उन्हात ठेवलं की कमजोर होत जातं, आणि किती भाराला तुटेल हे कुणी लिहून दिलेलं नसतं. आपल्या एमआयडीसीत क्रेनच्या स्लिंगला सुद्धा सेफ वर्किंग लोडचा टॅग नसेल तर सुपरवायझर उचलू देत नाही. मग स्वतःला टांगताना टॅग नको? गिर्यारोहणाचा दोर नायलॉनचा, आतला गाभा आणि बाहेरचं आवरण वेगळं. उतरण्यासाठी कमी ताणणारा स्टॅटिक दोर, आणि प्रस्तरारोहणात पडणाऱ्याला झेलण्यासाठी ताणणारा डायनॅमिक. दोन्हींवर आणि कॅराबिनरवर मानकाचा शिक्का असतो, कॅराबिनरवर किलोन्यूटनमध्ये क्षमता कोरलेली असते.

उष्णतेचं काय एवढं, असं वाटत असेल तर सेकंड इयरची वही काढा. ऐंशी किलोचा माणूस (सॅकसकट) पंचेचाळीस फूट, म्हणजे चौदा मीटर उतरला तर साधारण अकरा किलोज्यूल ऊर्जा घर्षणात जाते. आकडा-आठच्या आकाराचं ते ॲल्युमिनियमचं डिसेंडर शंभर ग्रॅमचं. सगळी उष्णता त्यातच राहिली असती तर त्याचं तापमान सव्वाशे अंशांच्या आसपास वाढलं असतं. प्रत्यक्षात बरीच उष्णता दोरात आणि हवेत जाते, पण त्यासाठी वेळ लागतो. सिनेमातल्या कमांडोसारखं सुर्रकन उतरलात तर तो वेळ मिळत नाही. हळू उतरणं हे भित्रेपणाचं लक्षण नाही, थर्मल इंजिनिअरिंग आहे!

आणि एवढा भार एका हाताने पेलतो कसा? तर बेल्ट ड्राइव्हचं जे सूत्र आपण घोकतो तेच. दोराच्या दोन बाजूंच्या ताणांचं गुणोत्तर ई चा म्यू-थीटा घात. म्यू पाव धरा, दोराला दीड वेढा धरा, गुणोत्तर दहाच्या थोडं वर येतं. म्हणजे ऐंशी किलोला हातात साडेसात-आठ किलोचा जोर पुरतो. पण दोर ओला झाला, चिखल लागला की म्यू बदलतो. सांधणमध्ये आपण डोहातून आलेले असतो, म्हणजे दोर ओलाच असतो. म्हणून खालून दुसऱ्याने दोर धरून ठेवणं किंवा वेगळा सुरक्षादोर लावणं सोडू नये. हातमोजे आणि हेल्मेट तर हवंच. सगळ्यात जास्त दगड पडतात ते वरच्या मित्राच्या बुटांमुळे.

अँकरबद्दलही एक गोष्ट. दोर दोन ठिकाणी बांधून मधे भार घेतला तर दोन्ही फाट्यांमधला कोन लहान ठेवावा लागतो. कोन ६० अंश असेल तर प्रत्येक फाट्यावर भाराच्या ५८ टक्के ताण येतो. १२० अंश झाला की प्रत्येकावर पूर्ण भार! दोन अँकर लावून फायदा शून्य. १५० अंशाला तर जवळ जवळ दुप्पट. लामीचा सिद्धांत फर्स्ट इयरला का शिकवतात ह्याचं उत्तर मला तिथे मिळालं. अर्थात हे वाचून कुणी स्वतः अँकर लावायला जाऊ नये. सूत्र समजणं वेगळं आणि गंजलेला बोल्ट ओळखणं वेगळं. पुण्यात गिर्यारोहण शिकवणाऱ्या संस्था आहेत, त्यांचं बेसिक प्रशिक्षण घ्यावं किंवा त्यांच्याबरोबरच जावं. आमच्या सातातले दोघे प्रशिक्षित होते आणि दोर लावण्याच्या बाबतीत बाकीच्या पाच जणांना मत नव्हतं. लोकशाही जेवणापुरती.

पण खरं सांगू का, सांधणमधली मोठी भीती दोराची नाही, पाण्याची आहे. पावसाळ्यात तिथे जायचं नाही, हे सगळेच सांगतात. का, हे थोडे सांगतात. हिशोब करून बघू. समजा दरीच्या डोक्यावरचं एक चौरस किलोमीटर उघडं कातळाचं रान आहे आणि अर्ध्या तासात २० मिलिमीटर पाऊस पडला. आपल्याकडच्या वळवाला हे काहीच नाही. पाणी झालं वीस हजार घनमीटर. कातळात मुरणार किती? बहुतेक सगळं वाहून येणार असं धरलं आणि तेही अर्ध्या तासातच आलं, तर सेकंदाला अकरा घनमीटर. तीन मीटर रुंदीच्या फटीत, सेकंदाला तीन मीटर वेगाने, ह्याची खोली होते एक मीटर वीस सेंटिमीटर. म्हणजे छातीच्या जरा खाली. सेकंदाला तीन मीटर वेगाच्या पाण्यात गुडघ्यावर आलं तरी माणूस उभा राहत नाही, आणि दोन्ही बाजूंना चढायला जागा नाही. फट आणखी अरुंद झाली की आकडा आणखी वाढतो.

आणि पाऊस आपल्या डोक्यावरच पडायला हवा असं नाही. १२ ऑगस्ट १९९७ ला अमेरिकेत ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक लोंढ्यात वाहून गेले. ते होते तिथे पाऊस जवळ जवळ नव्हता, तो पडला होता काही मैल वर. फटीच्या तळाशी उभं राहिल्यावर आभाळाची एक चिंधी दिसते, तिच्यावरून हवामान कळत नाही. म्हणून जाण्याच्या दिवसापर्यंत हवामानखात्याचा अंदाज बघायचा आणि गावातल्या माणसाला विचारायचं. आता नोव्हेंबरात, मार्चात, एप्रिलमध्येही अवकाळी येतो. "सीझन आहे म्हणून सेफ आहे" हे डोक्यातून काढून टाका. घाटमाथ्यावर ढग दिसला तर साम्रदमध्ये पिठलं-नाचणीची भाकरी खावी आणि रतनगडावर जावं. मावशींच्या हातचं पिठलं चुकवण्यासारखं नसतंच.

सांधणचा तळ गाठला की दोन पर्याय असतात. खाली कोकणात डेहणे गावाकडे उतरायचं आणि तिथून आसनगाव स्टेशन गाठायचं, किंवा करोली घाटाने पुन्हा साम्रदला चढायचं. आम्हाला पुढे जायचं असल्याने तळाला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी करोली घाट घेतला. झाडीतून जाणारी जुनी वाट आहे, वर येताना घसारा आणि मोठे दगड. पाचशे मीटरच्या आसपासचा चढ, पाठीवर बारा किलो.

ह्या वजनाचा विषय महत्त्वाचा. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त पाठीवर घेऊ नये असा ठोकताळा आहे, आणि आपल्या हॉस्टेलच्या प्रकृती बघता मी सहावा हिस्सा म्हणेन. सॅकचा कमरेचा पट्टा घट्ट बांधला की भार पाठीच्या कण्यावरून कमरेच्या हाडावर जातो, खांद्यांचे पट्टे फक्त सॅक पडू नये म्हणून. जड वस्तू पाठीला चिकटून, मधोमध. जेवढा भार मागे जाईल तेवढा मोमेंट वाढतो आणि तो तोलायला माणूस पुढे वाकतो. दरीत वाकून चाललात की तोल गेलाच. ट्रेकला जाताना कॉलेजची बॅग नेणारे ह्या प्रयोगाचं फळ तिसऱ्या तासाला भोगतात.

वजनात सगळ्यात हट्टी वस्तू म्हणजे पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि ह्यात कोणत्याही ब्रँडचं हलकं मॉडेल येत नाही! दिवसाला माणशी चार लिटर लागतं, मार्चनंतर त्याहून जास्त. म्हणून वाट ठरवायची ती पाण्यावरून. डिसेंबरपर्यंत सांधणच्या तळाशी, रतनगडाच्या टाक्यांत, कुमशेतला, हरिश्चंद्रगडावर पाणी मिळतं. होळीनंतर कशाचाच भरवसा नाही, गावकऱ्यांनाच हंडे घेऊन लांब जावं लागतं. तेव्हा त्यांच्या हंड्यातलं मागायची वेळ आणू नये. पाणी गाळून, उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून प्यावं. आणि नुसतं पाणी ढोसून उपयोग नाही, घामातून मीठ जातं ते परत घालावं लागतं. ओआरएसची पाकिटं, नाहीतर मीठ-साखर-लिंबू. डोकं दुखायला लागलं आणि लघवी गडद झाली की सावलीत बसायचं, टाइमटेबल गेलं खड्ड्यात.

खाण्याचाही हिशोब मी मांडला होता, गंमत म्हणून. पाच दिवसांत आम्ही सगळं मिळून दोन हजार मीटरच्या आसपास चढलो. ब्याऐंशी किलो गुणिले नऊ पूर्णांक आठ गुणिले दोन हजार, भागिले चार हजार एकशे शहाऐंशी, उत्तर ३८४ किलोकॅलरी. फक्त! स्नायूंची कार्यक्षमता वीस-बावीस टक्के धरली तरी पाव किलोच्या थोडे वर शेंगदाणे पुरतात. मग भूक एवढी का लागते? कारण ह्या सूत्रात सपाटीवरचं चालणं नाही, उतरताना गुडघ्यांनी लावलेले ब्रेक नाहीत, थंडीत अंग गरम ठेवणं नाही, आणि मुळात जिवंत राहण्याचा खर्च नाही. दिवसाला तीन ते चार हजार किलोकॅलरी धरून चाला. शेंगदाणे-गूळ, चिक्की, धपाटे, सुकी चटणी, भडंग. मेसच्या पोळ्या नेऊ नका, दुसऱ्या दिवशी त्या गॅस्केट म्हणून वापरता येतील. तयारीसाठी जिमची फी भरायची गरज नाही. आपल्या हॉस्टेलचा मजला साधारण तीन मीटरचा, म्हणजे दोन हजार मीटर म्हणजे साडेसहाशेहून जास्त मजले. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून महिनाभर रोज जिने चढा-उतरा. रविवारी भंडारा डोंगर किंवा लोहगड. उतरण्याचा सराव जास्त करा, कारण मांडीचे स्नायू खरे फाटतात ते उतरताना.

उंचीचं म्हणाल तर घाबरायचं कारण नाही. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरनंतर सुरू होतो, आपला सह्याद्री तिथपर्यंत पोचतच नाही. पण तापमान उंचीबरोबर उतरतं, हजार मीटरला सहा-साडेसहा अंश. सांधणच्या तळाशी आम्ही टी-शर्टवर झोपलो आणि तीन दिवसांनी कोकणकड्यावर सगळे कपडे एकावर एक घालून, तरीही दात वाजत होते.

साम्रदहून रतनगडाला त्र्यंबक दरवाज्याने जाता येतं. कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या आहेत, बाजूला दृष्टिभय भरपूर. वर नेढं आहे, डोंगराच्या माथ्याला आरपार पडलेलं भोक, त्यात बसलं की वारा कपडे वाळवून देतो. तिथून अलंग-मदन-कुलंग, कळसूबाई, आजोबा सगळे एका नजरेत येतात. गडावरून गणेश दरवाजा आणि शिड्यांनी रतनवाडीच्या बाजूला उतरायचं, पण गावापर्यंत जायचं नाही. जंगलात एक वाट कात्राबाईच्या खिंडीकडे फुटते. ह्या संपूर्ण प्रवासात चुकण्याची सगळ्यात मोठी जागा हीच. गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा मुख्य वाटेइतक्याच ठळक दिसतात. मोबाईलवर नकाशा उतरवून नेला तरी झाडीत आणि कड्याखाली तो बिंदू इकडेतिकडे उड्या मारतो. रेंज तर विसराच. १०८ ला फोन करायचा तरी आधी रेंजच्या जागेपर्यंत कुणीतरी धावायला हवं, आणि मग रुग्णाला उचलून गाडीरस्त्यापर्यंत आणायला दहा माणसं हवीत. ती माणसं गावातलीच असतात. म्हणून गावातला वाटाड्या घ्या, त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. इथे प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. चार महिने भातशेती, नंतर उत्पन्नाला पर्याय कमी. आपण कॅन्टीनमध्ये एका संध्याकाळी उडवतो तेवढ्यात त्यांचा दिवस होतो.

कात्राबाईच्या खिंडीच्या खाली आमच्या एका सिव्हिलवाल्याचा गुडघा सुजला. त्याची सॅक सहा जणांत वाटून घेतली, आणि कुमशेतला एक पूर्ण दुपार थांबलो. मामा म्हणाले, "गड पळून जात नाय." एक जादा दिवसाचं खाणं आणि एक जादा दिवस सुट्टी हातात ठेवून निघायचं ते ह्यासाठीच. सोमवारी सकाळी व्हायवा आहे आणि रविवारी रात्री परतायचंच आहे असा ट्रेक आखू नये. माणूस घाई करतो, आणि घाईत पाय घसरतो.

कुमशेतहून मुळेचं पात्र ओलांडून (आपल्या दापोडीजवळची मुळा वेगळी, ही नगरकडची) पेठेची वाडी आणि पाचनई. पाचनईहून हरिश्चंद्रगडाची वाट सगळ्यात सोपी. एका लांबलचक पुढे झुकलेल्या कातळाच्या छपराखालून जाते आणि मग मंगळगंगेच्या सोबतीने वर. केदारेश्वराच्या गुहेतलं कमरेएवढं गार पाणी, हरिश्चंद्रेश्वराचं कोरीव मंदिर, हे बहुतेकांनी पाहिलेलं असतं. आम्ही थेट कोकणकड्यावर गेलो.

कोकणकडा आतल्या बाजूला वळलेला आहे, वाटीसारखा. कोकणातून येणारा वारा ह्या वाटीत शिरतो आणि त्याला जायला एकच दिशा उरते, वर. म्हणून टाकलेलं पान खाली न जाता परत येतं. ढग खाली कोंडलेले आणि सूर्य पाठीमागे असेल तर त्या ढगांवर स्वतःची सावली आणि तिच्याभोवती गोल रंगीत कडं दिसतं, त्याला इंद्रवज्र म्हणतात. पाण्याच्या अतिसूक्ष्म थेंबांनी प्रकाश उलट्या दिशेला पसरवल्याने ते होतं. कर्नल साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याने इथे ते पाहिल्याची नोंद आहे. आम्हाला डिसेंबरात निरभ्र आभाळ आणि सातशे-आठशे फोटो मिळाले, इंद्रवज्र नाही. कड्याच्या टोकाशी पालथं झोपूनच डोकावायचं, उभं राहून नाही. परफ्युम लावू नये, शेकोट्या पेटवू नयेत. कड्यांना आग्या मोहोळं असतात आणि ती उठली तर कड्यावर पळायला जागा नसते. अभयारण्य असल्याने मुक्कामाचे आणि शेकोटीचे वनखात्याचे नियम आहेत, ते पाचनईलाच विचारून घ्यावेत.

ह्याच कड्याच्या बगलेतून खाली बेलपाड्याला जाणारी नळीची वाट आहे. हजार मीटरहून जास्त उंचीची, धोंड्यांनी भरलेली घळ. सांधण करून आलेल्यांना ती लगेच खुणावते. तिला सांधणची मोठी बहीण समजा, आणि दोन-तीन वर्षं दुसरीकडे घासल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नका.

परतीला टोलार खिंडीने खिरेश्वरला उतरलो. भोसरीहून जाताना नाशिक फाट्यावर संगमनेरची एसटी मिळते, अंतर एकशेतीस किलोमीटरच्या आसपास, पुढे अकोले, राजूर, शेंडी आणि जीपने साम्रद. येताना खिरेश्वरहून पिंपळगाव जोगाच्या धरणाच्या भिंतीवरून पाच-सहा किलोमीटर चालत खुबी फाटा, तिथे कल्याणकडून येणारी गाडी पकडून आळेफाटा, आणि आळेफाट्याहून पुण्याची कोणतीही गाडी भोसरीवरून जाते. संध्याकाळी ती गच्च भरलेली असते, सॅक टपावर टाकायला कंडक्टर तयार होत नाही, तेव्हा शक्यतो दुपारी चारच्या आत खुबी फाट्यावर या.